फुकटच्या प्रवासाचा हिशेब



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे श्रोत्यांच्या काही अपेक्षा ठरलेल्या असतात. एखादा संतकवी, एखादे ऐतिहासिक प्रकरण, फार तर परराष्ट्रांचे राजकारण. आज मी आपल्यापुढे क्रेडिट कार्ड आणि त्यावर मिळणारे विमानप्रवासाचे पॉइंट हा विषय घेऊन उभा आहे. हा विषय बँकेच्या खिडकीपाशी बोलायचा, व्यासपीठावर कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती अगदीच अस्थानी नाही. तिला माझे उत्तर एवढेच, की न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली, आणि त्याच १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते रस्त्यावर आणून जाळली. ज्या वर्षी महाराष्ट्र व्याख्याने ऐकायला बसला, त्याच वर्षी तो कर्जाविरुद्ध उठला. तेव्हा कर्जाचा हिशेब हा ह्या व्यासपीठाला परका विषय नव्हे. आणि क्रेडिट कार्ड हे, त्याला कितीही गोंडस नाव दिले आणि त्यावर विमानाचे चित्र छापले तरी, शेवटी कर्जच आहे.

दुसरी शंका अधिक व्यवहारी आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. विमान पकडायचे तर आगगाडीत बसून सुरत गाठावी लागते, नाहीतर मुंबई. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला तर आधी नंदुरबार गाठणे हाच एक प्रवास. मग विमानाचे पॉइंट आपल्या काय कामाचे? परंतु परिस्थिती पालटली आहे. देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. त्या बारा आकड्यांच्या पाठोपाठ बँकेचे खाते आले, खात्यापाठोपाठ मोबाइलवरून पैसे देणे आले, आणि २०२२ सालापासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाली. म्हणजे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेल्या त्या चौकोनी चित्रावर आता उधारीही चालते. इकडे घराघरांतली मुले पुण्याला, बंगळुरूला, काही थेट अमेरिकेला गेली आहेत. आईवडिलांना विमानात बसावे लागते. विमान गावात आले नसले तरी विमानाचे कार्ड मात्र गावात आले आहे. म्हणून ते कसे घ्यावे, कोणी घ्यावे आणि कोणी मुळीच घेऊ नये, हे आज आपण पाहू.

प्रथम ही कल्पना निघाली कशी ते सांगतो. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याच दुकानी यावे म्हणून त्याला खरेदीच्या प्रमाणात काहीतरी परत द्यायचे, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १८९६ पासून दुकानदार खरेदीवर हिरवी तिकिटे देत. ती वहीत चिकटवून वही भरली की त्यावर वस्तू मिळे. विमान कंपन्यांनी हीच युक्ती उचलली, पण त्याला एक निमित्त घडले. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यावरील सरकारी नियंत्रण काढून टाकण्याचा कायदा केला. भाड्यांची चढाओढ लागली. तेव्हा १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या उतारूंना प्रवासाच्या मैलांप्रमाणे गुण देण्याची योजना काढली आणि लगोलग इतरांनीही तिचा कित्ता गिरवला.

ह्यातले मर्म आपल्या शहादा तालुक्यातल्या पपईच्या बागाइतदाराला चटकन कळेल. पिकलेली पपई आज विकली नाही तर उद्या तिला मोल नाही. विमानातली रिकामी खुर्चीही तशीच आहे. विमान उडाले की त्या खुर्चीची किंमत शून्य. ती खुर्ची नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस म्हणून दिली तर कंपनीचे फारसे काही जात नाही, आणि त्या बक्षिसाच्या आशेने गिऱ्हाईक वर्षभर बांधलेले राहते. म्हणजे जे आपल्याला फुकट वाटते ते कंपनीच्या दृष्टीने नासणाऱ्या मालाची सोय आहे. तेव्हा पॉइंटांवर कोणती खुर्ची द्यायची, किती द्यायच्या आणि केव्हा द्यायच्या, हे ठरवणार कंपनी. आपण नव्हे.

पुढे ह्या व्यवहारात बँका शिरल्या. कार्डाने खरेदी करणे काही नवे नव्हते. न्यूयॉर्कला डायनर्स क्लबने १९५० सालीच ती चाल पाडली होती, आणि आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये बँकेचे कार्ड काढले. नवे होते ते एवढेच, की बँका विमान कंपन्यांकडून पॉइंट घाऊक विकत घेऊन ते आपल्या कार्डधारकांना किरकोळीने वाटू लागल्या. आता पॉइंट मिळवायला विमानात बसण्याचीही गरज उरली नाही. तूरडाळ घेतली, विजेचे बिल भरले, तरी मैल जमा! हा घाऊक धंदा इतका वाढला की २०२० साली, महामारीत विमाने जमिनीवर उभी असताना, अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने आपली पॉइंटांची योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभे केले. ज्या वस्तूवर एवढे कर्ज मिळते ती वस्तू कोणी कोणाला उगाच वाटीत नसतो, एवढे तरी ह्यावरून आपल्या ध्यानात यावे.

मग हे पैसे देतो कोण? माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली ह्या एका प्रश्नात आहे. देणारे तिघे आहेत. पहिला दुकानदार. क्रेडिट कार्डाने केलेल्या खरेदीतून त्याला साधारण दीड-दोन टक्के रक्कम कापून मिळते, आणि त्यातला काही भाग आपल्याकडे पॉइंटांच्या रूपाने परत येतो. म्हणूनच काही दुकानदार म्हणतात, 'साहेब, कार्डावर दोन टक्के जास्त पडतील.' अशा वेळी अर्धा टक्का बक्षिसासाठी दोन टक्के मोजणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. तिथे मुकाट्याने रोख द्यावी, किंवा खात्यातून थेट यूपीआय करावे. दुसरा देणारा म्हणजे वार्षिक फी भरणारा कार्डधारक. आणि तिसरा, सर्वांत मोठा दाता, म्हणजे वेळेवर पूर्ण बिल न भरणारा माणूस. त्याच्या व्याजातून बँकेचा नफा निघतो आणि शिस्तीने भरणाऱ्यांची बक्षिसे निघतात. सज्जनहो, पॉइंट म्हणजे बँकेचे औदार्य नव्हे. एकाच्या गाफीलपणातून दुसऱ्याच्या शिस्तीला दिलेला तो वाटा आहे. आपण ह्या दोघांपैकी कोण आहोत, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवल्यावाचून कार्डाच्या अर्जावर सही करू नये.

आता आकडेच मांडून पाहू. समजा, एका माध्यमिक शिक्षकाचा महिन्याचा घरखर्च २०,००० रुपये आहे आणि तो सगळा कार्डावरून होतो. शंभर रुपयांना २ पॉइंट आणि एका पॉइंटाची किंमत २५ पैसे धरू. महिन्याला ४०० पॉइंट, म्हणजे १०० रुपये. वर्षाचे १,२०० रुपये. कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये आणि तीवर १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे ५८९ रुपये जातील. हाती राहिले ६११. वाईट नाही, पण ह्यात लंडन दिसत नाही. आता समजा, एक महिना बिल तुंबले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तर २०,००० रुपयांवर ७०० रुपये, त्यावर जीएसटी १२६, एकूण ८२६ रुपये, आणि उशिराचा दंड वेगळा. म्हणजे आठ महिन्यांहून अधिक काळ जमवलेले बक्षीस एका महिन्याच्या आळसात बुडाले. महिन्याला साडेतीन म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ४२ टक्के. ह्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, हेही लक्षात ठेवा.

ह्यातला सर्वांत फसवा शब्द आहे 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरणा. बिलावर एकूण रक्कम २०,००० असते आणि शेजारी किमान रक्कम म्हणून १,००० छापलेले असतात. भोळा माणूस समजतो की हजार भरले म्हणजे सुटलो. हजार भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज चढते, आणि मागचे पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले ते कार्ड न पाहताच.

इथे मला आपल्या जिल्ह्याबद्दल विशेष आस्थेने बोलायचे आहे. क्रेडिट कार्डाचे चक्र महिन्याचे आहे. पण आपल्याकडे पुष्कळांच्या मिळकतीचे चक्र हंगामाचे. मिरचीचा पैसा मिरचीच्या दिवसांत येतो, उसाचे बिल कारखान्याच्या सोयीने येते, कापसाचे बाजाराच्या मर्जीने. ज्याची कमाई वर्षातून दोनदा येते त्याने दर महिन्याला पूर्ण फेडायचे कर्ज अंगावर घेणे म्हणजे बैलगाडी आगगाडीला जुंपणे आहे. अशा शेतकऱ्यासाठी किसान क्रेडिट कार्ड १९९८ सालीच निघाले. नावात साम्य असले तरी ती वस्तू निराळी आहे. ते पीककर्ज आहे. त्याची परतफेड हंगामाला धरून असते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत व्याज वर्षाला ७ टक्के आणि वेळेवर फेडल्यास ४ टक्के. महिन्याला साडेतीन टक्के आणि वर्षाला चार टक्के, ह्यांतला फरक शाळकरी पोरही सांगेल. परंतु 'क्रेडिट कार्ड घ्या' म्हणणाऱ्या एजंटाच्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच वाजतात.

कर्ज माणसाला कोठवर नेते हे ह्या मातीला नव्याने शिकवायला नको. सालदारीत वर्षानुवर्षे राबलेली माणसे इथल्या लोकांनी पाहिली आहेत. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांसारखा कार्यकर्ता आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी झटला, तो सारा इतिहास शेवटी न वाचता केलेल्या अंगठ्यांचा इतिहास होता. आज अंगठ्याच्या जागी ओटीपी आला आहे. न वाचता दिलेला ओटीपी आणि न वाचता केलेला अंगठा ह्यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

तर मग कार्ड कोणी घ्यावे? ज्याची मिळकत दरमहा ठरलेली आहे, ज्याच्यावर दुसरे महागडे कर्ज नाही, आणि जो आजवर खिशात असतील तेवढेच पैसे खर्च करीत आला आहे, त्याने अवश्य घ्यावे. त्याने प्रारंभ कसा करावा, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आपली पत पाहून घ्या. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या आपल्या परतफेडीचा इतिहास ठेवतात आणि ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला इतिहास नसतो, आणि बँक त्याला दारातच थांबवते. अशाने मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्यावे. ठेव आपलीच, तिचे व्याज आपल्याला चालू, आणि कार्डाची मर्यादा ठेवीच्या आत. नवशिक्याला ह्यासारखी पाठशाळा नाही.

दुसरी, कार्ड एकच घ्या, आणि शक्यतो बिनफीचे. दोन बिलांच्या तारखा डोक्यात ठेवणे हा नवशिक्याचा उद्योग नव्हे. तिसरी, आणि ही मी सर्वांत महत्त्वाची मानतो, खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सूचना पहिल्याच दिवशी द्या, आणि ती 'पूर्ण रक्कम' अशी द्या. अर्जावर 'किमान रक्कम' असाही पर्याय असतो. तिथे खूण पडली की नको ते पुन्हा दारात आले. चौथी, कार्डावर तेवढाच खर्च करा जो कार्ड नसते तरी केलाच असता. वीज, गॅस, विम्याचा हप्ता, मुलांची फी, रेल्वेचे तिकीट. काही बँका विजेचे बिल, विमा, इंधन ह्यांवर पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात, म्हणून नियमांचा कागद आधी वाचावा. पाचवी, कार्डाने एटीएममधून रोकड कधीही काढू नका. तिला बिनव्याजी मुदत नसते. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

बिलाची तारीखही समजून घेण्यासारखी आहे. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्याची मुदत २५ तारखेपर्यंत आहे. ४ एप्रिलला घेतलेल्या वस्तूचे पैसे २५ एप्रिलला द्यावे लागतील, म्हणजे २१ दिवसांनी. तीच वस्तू ६ एप्रिलला घेतली तर २५ मेला, म्हणजे ४९ दिवसांनी. दोन दिवस थांबल्याने चार आठवड्यांची बिनव्याजी सवलत मिळते, आणि ह्यात कोणाची फसवणूक नाही. नियम वाचणाऱ्याला मिळणारे हे न्याय्य फळ आहे.

आपल्या बाजूनेही नियम आहेत, ते ठाऊक असावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. बाकी काही नसताना कार्ड बंद करण्याची विनंती केली तर ती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी केली पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. 'आधी घ्या, मग पाहू' म्हणणाऱ्याला हा नियम नम्रपणे ऐकवावा.

आता जमवलेल्या पॉइंटांचे करायचे काय? बँकेच्या वस्तूंच्या यादीत प्रेशर कुकर, घड्याळे असा माल असतो, आणि तिथे पॉइंटाला बहुधा सर्वांत कमी मोल येते. तेच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवून तिकीट काढले तर पुष्कळदा अधिक मोल मिळते, परंतु हिशेब करूनच. पद्धत सोपी आहे. तिकिटाची रोख किंमत घ्या, पॉइंटांवर काढतानाही जे कर आणि शुल्क रोख द्यावे लागतात ते तीतून वजा करा, आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. ५,००० रुपयांच्या तिकिटावर १,००० रुपये कर पडून ८,००० पॉइंट लागत असतील, तर एका पॉइंटाला ५० पैसे मिळाले. हा आकडा कुकरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच विमान. आणि आपण विमानात बसतच नसाल तर रेल्वे तिकिटावर पॉइंट देणारे आयआरसीटीसीचे कार्ड पाहावे, किंवा सरळ पैसे परत देणारे साधे कार्ड. तापी खोऱ्याच्या रेल्वेने जाणाऱ्याने आकाशाचे मैल जमवण्यात अर्थ नाही.

आणखी एक उपयोग आपल्या कुटुंबांना विशेष पडतो. पुष्कळ विमान योजनांत स्वतःच्या पॉइंटांवर दुसऱ्याचे तिकीट काढता येते. परदेशी असलेल्या मुलाचे मैल आईवडिलांच्या कामी येतात. मात्र नाव पारपत्रावर आहे अगदी तसेच घालावे, आणि सुटीच्या हंगामात खुर्च्या दुर्मीळ असतात म्हणून काही महिने आधी शोध करावा.

पॉइंट साठवून मात्र ठेवू नका. थेंबे थेंबे तळे साचे हे पाण्याबद्दल आणि पैशाबद्दल खरे, पॉइंटांबद्दल नाही. बँकेतल्या ठेवीवर व्याज चढते. पॉइंटांचे मोल मात्र बहुधा उतरतच जाते. कंपनी एका सूचनेने दर बदलू शकते, मुदत संपवू शकते, आणि कंपनी स्वतःच संपू शकते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या योजनेतले पॉइंट कागदावरचे आकडे झाले. जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उडाले. तिची पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने नाव बदलून पुढे चालली, पण ज्या विमानासाठी लोकांनी मैल जमवले ते विमानच नव्हते. उलट, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत आले, आणि त्या योजनेचे नाव २०२५ मध्ये महाराजा क्लब झाले. इंडिगोने २००६ पासून विमाने उडवली, पण ब्लूचिप ही योजना काढली २०२४ साली. नावे बदलतात, मालक बदलतात, दर बदलतात. म्हणून वर्षा-दोन वर्षांत पॉइंट वापरून मोकळे व्हावे.

शेवटचा इशारा चोरांविषयी. 'आपले ८,००० पॉइंट आज रात्री बुडणार आहेत, खालच्या दुव्यावर दाबा' असा निरोप मोबाइलवर आला, तर तो मुळीच उघडू नका. पॉइंट गेले तरी चालतील. बँकेच्या अधिकृत ॲपवर जाऊन स्वतः पाहा. चोरी झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर आणि बँकेला त्याच क्षणी कळवा. आपली चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसानीचा भार आपल्यावर पडत नाही. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

श्रोतेहो, क्रेडिट कार्डाला मी पाप म्हणत नाही, आणि पॉइंटांना पुण्यही म्हणत नाही. ज्या घरात महिन्याचा खर्च वहीत लिहिला जातो त्या घराला ह्या कार्डाने वर्षाकाठी हजार-पाचशे रुपये आणि कधीतरी एक विमानप्रवास मिळेल. ज्या घरात वही नाही, त्या घराकडून तेच कार्ड त्या प्रवासाचे भाडे वसूल करील, आणि विमानात दुसराच कोणी बसेल. तेव्हा प्रारंभ कार्डापासून करू नका, वहीपासून करा. तीन महिने खर्च लिहून काढा. प्रत्येक महिनाअखेरीस खात्यात शिल्लक उरली तर चौथ्या महिन्यात अर्ज करा. उरली नाही, तर अर्ज फाडून टाका आणि वही चालू ठेवा.